तिरुपती बालाजी एजंटशिवाय: आधी तिकीट, मग ट्रेन, आणि पुढचं कुठल्या क्रमाने

दर मे महिन्याआधी आणि दिवाळीआधी मला हमखास एक फोन येतो. "हरिप्रियाचं रिझर्वेशन कन्फर्म झालंय, आठ जण आहोत, आता दर्शनाचं कसं करायचं ते सांग." आता काय सांगणार! हे म्हणजे वरातीमागून घोडं. ट्रेन ठरली, सुट्टी टाकली, हॉटेल झालं आणि ज्यासाठी जायचं ते दर्शन शेवटी, मग ते मिळत नाही आणि कुणीतरी एजंट शोधला जातो. तिरुपतीला स्वतःचं स्वतः जाणं अजिबात अवघड नाहीये, फक्त कामं ज्या क्रमाने करायची त्याच्या बरोब्बर उलट आपण करतो. म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय, पुढचा फोन आला की लिंक पाठवून मोकळा.

एक गोष्ट आधीच डोक्यात घ्या. तिरुपती हे खालचं शहर, आणि मंदिर आहे ते वर डोंगरावर तिरुमलाला, साधारण २०-२२ किलोमीटर घाट चढून. "तिरुपतीत पोचलो" म्हणजे मंदिराशी पोचलो नाही. अर्धे गोंधळ इथूनच सुरू होतात.

१. तारीख ठरवा, पण आपल्या कॅलेंडरवर नाही

आपण बघतो मुलांची सुट्टी आणि आपली रजा. तिथली गर्दी ठरते तेलुगू आणि तमिळ लोकांच्या सणांवर आणि ते आपल्या कालनिर्णयात पटकन डोळ्यात भरत नाहीत. टाळायच्या तारखा अशा: सप्टेंबर-ऑक्टोबरातलं ब्रह्मोत्सव (त्यातला गरुडसेवेचा दिवस तर विसराच), डिसेंबर-जानेवारीत येणारी वैकुंठ एकादशी आणि त्याला लागून वैकुंठद्वार उघडं असतं ते १० दिवस, रथसप्तमी, १ जानेवारी, आणि तमिळ लोकांचा पुरट्टासी महिना, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, त्यातले शनिवार तर फारच. आपला गुढीपाडवा म्हणजे त्यांचा उगादी, तेव्हा "पाडव्याला जाऊ, छान मुहूर्त आहे" हे पण नको. आणि मे महिना सगळ्यांचाच असतो.

साध्या दिवशीसुद्धा रोज ६०-७० हजार लोक दर्शन घेतात, त्यामुळे "गर्दी नसेल तेव्हा" असा दिवस नसतोच, कमी गर्दीचा असतो. मंगळवार ते गुरुवार बरे. शुक्रवारी पहाटे मूर्तीचा अभिषेक असतो त्यामुळे सकाळचं साधं दर्शन उशिरा सुरू होतं. मला स्वतःला गुरुवार आवडतो, त्या दिवशी कपाळावरचा मोठा नाम, म्हणजे गंध, छोटा करतात आणि दागिने कमी असतात त्यामुळे डोळे दिसतात, त्याला नेत्रदर्शन म्हणतात. बाकी दिवशी डोळे झाकलेले असतात हे बऱ्याच जणांना परत आल्यावर कळतं.

एकाच तारखेवर अडून बसू नका. तीन तारखा लिहून काढा, पसंतीच्या क्रमाने, आणि घरातल्या सगळ्यांना तिन्ही विचारून ठेवा.

२. दर्शनाचं तिकीट, बाकी काहीही बुक करायच्या आधी

घरच्यांबरोबर जाणाऱ्यांसाठी कामाचं तिकीट म्हणजे ३०० रुपयांचं स्पेशल एन्ट्री दर्शन. ते देवस्थानच्या, म्हणजे टीटीडीच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर मिळतं. कोटा साधारण तीन महिने आधी सुटतो, बहुतेक वेळा महिन्याच्या २४-२५ तारखेच्या आसपास सकाळी १० वाजता, म्हणजे जानेवारीची तिकिटं ऑक्टोबरात. त्या महिन्याची नक्की तारीख वेबसाइटवर आधी जाहीर होते, ती बघून मोबाइलमध्ये अलार्म लावा. चांगल्या तारखा बघता बघता संपतात.

आदल्या रात्री काय करून ठेवायचं ते नीट वाचा, कारण सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी घरात आधार कार्ड शोधणारी माणसं मी पाहिलीयेत:

- प्रत्येकाचं नाव आधारवर आहे तस्संच, वय, आधार नंबर, एका फाइलमध्ये टाइप करून. पेस्ट करायला सोपं जातं.
- लॉगिन मोबाइल नंबर आणि ओटीपीने होतं, तर ज्याच्या नंबरवर ओटीपी येणार तो माणूस तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये नको.
- एका लॉगिनवर एका वेळी ६ जणांपर्यंत. तुम्ही आठ असाल तर दोन लॉगिन, दोन माणसं, आणि कुठला स्लॉट घ्यायचा हे आधीच ठरलेलं.
- पेमेंट यूपीआयने की कार्डने, ते पण ठरवून ठेवा.

साइट उघडली की बऱ्याचदा वेटिंग रूममध्ये टाकते, स्क्रीनवर वेळ मोजत बसते. तेव्हा रिफ्रेश मारू नका, नंबर मागे जाईल. आत गेल्यावर कॅलेंडरवर हिरवं दिसेल तो दिवस आणि तासाचा स्लॉट निवडायचा. सकाळी लवकरचा स्लॉट घेण्याचा मोह होतो, पण तुम्ही आदल्या रात्री वर मुक्कामाला नसाल तर तो घेऊ नका. खालून येणाऱ्यांना ११ नंतरचा बरा.

बारा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, आईवडिलांबरोबर सोडतात, वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्या आईवडिलांसाठी सुपथम् नावाच्या प्रवेशाची वेगळी सोय आहे, बाळाचा जन्मदाखला आणि दोघांची आधार कार्डं लागतात. ६५ च्या पुढच्यांचा कोटा वेगळा आणि तो वेगळ्या वेळी सुटतो. आजी-आजोबांना ओढत तुमच्याबरोबर तीन-चार तास उभं करण्यापेक्षा तो बघा.

सावधान: तिकीट रद्द होत नाही, तारीख बदलून मिळत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. "चुलत भावाचं जमत नाहीये तर त्याच्या जागी मेव्हणा येईल" असं होत नाही, गेटवर आधार तपासतात. आणि सर्च केल्यावर देवस्थानच्या नावाच्या बऱ्याच खोट्या साइट सापडतात, पत्त्याच्या शेवटी एपी डॉट गव्ह डॉट इन असेल तीच खरी. व्हॉट्सॲपवर "दर्शन पक्कं, माणशी इतके" म्हणणारा कुणीही असो, पैसे पाठवू नका.

तिकीट मिळालंच नाही तर? पर्याय आहेत. तिरुपती शहरात फुकट टोकन मिळतात, त्यात दर्शनाची वेळ दिलेली असते. मिळायची ठिकाणं म्हणजे रेल्वे स्टेशनसमोरचं विष्णू निवासम्, बसस्टँडजवळचं श्रीनिवासम् आणि डोंगराच्या पायथ्याला अलिपिरीचं भूदेवी कॉम्प्लेक्स. प्रत्येकाने स्वतः, ओरिजिनल आधार घेऊन उभं राहायचं. रोजचा कोटा ठरलेला असतो, पहाटे वाटायला सुरुवात होते आणि गर्दीच्या दिवशी सकाळीच संपतो, म्हणून लोक रात्रीपासून येऊन बसतात. त्याशिवायचा शेवटचा पर्याय म्हणजे टोकनशिवाय थेट सर्वदर्शनाच्या, म्हणजे फुकट दर्शनाच्या रांगेत जाणं. त्यात किती तास जातील हे देवालाच माहीत, १५-२० तास सहज होतात आणि लहान मुलं बरोबर असतील तर मी तरी नाही म्हणेन.

सणाच्या टोकनच्या गर्दीत मात्र जाऊच नका. ८ जानेवारी २०२५ ला वैकुंठद्वार दर्शनाची टोकन वाटताना तिरुपतीत चेंगराचेंगरी झाली आणि ६ लोक गेले. तेही मंदिरात नाही, खाली शहरातल्या टोकनच्या रांगेत.

३. राहायचं वर की खाली

तिकिटाच्याच दिवसांत दुपारी ३ च्या सुमारास वरच्या खोल्यांचा ऑनलाइन कोटा सुटतो. तिरुमलावर देवस्थानच्या खोल्या स्वस्त आहेत, ५०-१०० रुपयांपासूनच्या सुद्धा, साध्या असतात पण चालतात. खोली एकट्या माणसाला देत नाहीत, कमीत कमी दोघं लागतात. डिपॉझिट घेतात, ते नंतर खात्यावर परत येतं, लगेच नाही आलं म्हणून भांडू नका.

ऑनलाइन नाही मिळाली तर वर पोचल्यावर सीआरओ ऑफिसात नाव नोंदवून थांबायचं, नंबर लागला की मेसेज येतो. आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं की खोली नाही मिळाली तरी अडत नाही, यात्रेकरूंसाठी मोठे मोफत हॉल आहेत, तिथे लॉकर मिळतो, आंघोळीची सोय असते, सतरंजीवर पाठ टेकता येते. आम्ही एकदा सहा जण असेच राहिलोय, काही बिघडलं नाही.

ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर आदल्या रात्री वर राहणं, नाहीतर खाली हॉटेल घेऊन स्लॉटच्या पाच तास आधी निघणं. मधला काही मार्ग काढू नका.

४. आता ट्रेन

कोल्हापूर-सांगलीकडच्यांना हरिप्रिया थेट तिरुपतीला सोडते. मुंबई-पुण्याहून चेन्नईकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिरुपतीला न जाता रेणिगुंट्याला थांबतात. घाबरू नका, तिथून तिरुपती १० किलोमीटर आहे, बस, रिक्षा, लोकल सगळं मिळतं. विमानतळही रेणिगुंट्यालाच.

नियम एकच: दर्शनाच्या स्लॉटच्या आदल्या दिवशी पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी निघायचं. दर्शनाच्याच संध्याकाळची परतीची गाडी काढणारे लोक रांगेत सतत घड्याळ बघत असतात, आणि ट्रेन चुकेल म्हणून लाडू न घेता धावतात. कशाला?

निघण्याआधी एवढं तपासा: तिकिटाची प्रिंट (मोबाइल जमा होणार आहे, लक्षात ठेवा), प्रत्येकाचं ओरिजिनल आधार, मुलांच्या वयाचा पुरावा. आमच्या एका नात्यातल्या बाईंचं आधार घरी देवघरात राहिलं होतं, "देवापुढे ठेवलं होतं" म्हणाल्या! त्या दिवशी बाकीचे आत गेले आणि त्या खोलीत बसल्या.

५. कपडे आणि बॅग

पुरुषांनी धोतर किंवा लुंगी आणि वर उपरणं, नाहीतर कुर्ता-पायजमा. बायकांनी साडी, किंवा सलवार-चुडीदार आणि त्यावर ओढणी, ओढणी विसरायची नाही. जीन्स, हाफ पँट, स्लीव्हलेस नको. ऐनवेळी गेटवरून परत फिरून बाजारात महागडं धोतर घेणारे रोज दिसतात.

प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना तिरुमलावर बंदी आहे, स्टीलची न्या, वर पिण्याच्या पाण्याचे नळ जागोजागी आहेत. दारू, मांसाहार, सिगारेट, तंबाखू, गुटखा यातलं काहीही अलिपिरीच्या चेकनाक्यावर सापडलं तर काढून घेतात. खिशातली तंबाखूची पुडी पण.

६. खालून वर

बसने जाणं सगळ्यात सोपं. स्टेशनजवळून आणि बसस्टँडवरून सतत बस सुटतात, साधारण तास लागतो, वळणं खूप आहेत तर उलटीचा त्रास असणाऱ्याने पुढे बसावं आणि पोटभर खाऊन निघू नये. स्वतःची गाडी असेल तर १५ ऑगस्ट २०२५ पासून अलिपिरीला फास्टॅग सक्तीचा आहे. चेकिंगला सगळ्यांना उतरून बॅगा मशीनमधून काढाव्या लागतात, वीकेंडला त्यातच तास जातो. मध्यरात्रीनंतर काही तास घाट बंद असतो, म्हणून रात्री उशिरा उतरणारी ट्रेन असेल तर सरळ खाली झोपा.

चालत जायचं असेल तर दोन वाटा. अलिपिरीची जुनी वाट ३,५५० पायऱ्यांची, जवळजवळ ९ किलोमीटर, वरून छप्पर आहे, आपल्यासारख्या सवय नसलेल्यांना चार-पाच तास धरा. सुरुवातीच्या पायऱ्यांनीच दम निघतो, गाळीगोपुरम् आलं की मोठा चढ संपला, मग बराच सपाट रस्ता, आणि शेवटी परत मोकाळमेट्टूचा उभा चढ, तिथे लोक गुडघ्यांवर चढतात. दुसरी श्रीवारी मेट्टू, २,३८८ पायऱ्या, दोन-सव्वादोन किलोमीटर, छोटी पण उभी, आणि फक्त दिवसा उघडी. सामान डोक्यावर घेऊन चढू नका, पायथ्याला जमा केलं की देवस्थान फुकट वर पोचवतं, पावती जपा.

सावधान: अलिपिरीच्या वाटेला जंगल आहे आणि बिबटे आहेत, ऑगस्ट २०२३ मध्ये एका लहान मुलीचा जीव गेलाय. तेव्हापासून दुपारनंतर लहान मुलांना चढू देत नाहीत. मुलं असतील तर पहाटे सुरुवात, आणि त्यांना पुढे पळू द्यायचं नाही. आणखी एक, चालत गेलं की दर्शन आपोआप मिळतं हा गैरसमज आहे. चालणाऱ्यांची वेगळी टोकन असतात पण मोजकी, आणि ती कुठे मिळतात ते मधेमधे बदलतं, म्हणून निघण्याच्या आठवड्यात वेबसाइटवर बघा. सगळ्यात छान म्हणजे ३०० चं तिकीट हातात ठेवून, आदल्या दिवशी मजेत चालत चढणं.

७. वर पोचल्यावर, रांगेत शिरायच्या आधी

इथे क्रम चुकला की सगळा दिवस चुकतो. केस द्यायचे असतील तर ते पहिलं. कल्याणकट्टा म्हणतात त्या इमारतीला, दिवसरात्र चालू असतो, टोकन आणि ब्लेड तिथेच मिळतं, पैसे नाहीत. न्हाव्याने हात पुढे केला तरी द्यायची सक्ती नाही. बायकांसाठी बायका असतात. मुख्य कल्याणकट्ट्यावर गर्दी असेल तर विश्रामगृहांजवळ छोटे कट्टे आहेत, तिथे लवकर होतं.

मग आंघोळ, खोलीत किंवा पुष्करिणीत, म्हणजे मंदिराजवळच्या तळ्यात. मग पुष्करिणीच्या काठावरच्या वराहस्वामींचं दर्शन, तिथली पद्धत अशी की आधी वराहस्वामी आणि मग बालाजी. बहुतेक मराठी मंडळी हे उलट करतात किंवा करतच नाहीत, खरं तर रांग छोटी असते.

मग खाऊन घ्या. वेंगमांबा अन्नप्रसादम् नावाचं प्रचंड मोठं भोजनगृह आहे, फुकट, केळीच्या पानावर गरम भात-सांबार, पंगत भराभर उठते. भरल्या पोटी रांगेत उभं राहणं आणि उपाशी उभं राहणं यात फार फरक आहे, "दर्शनाशिवाय खाणार नाही" म्हणणाऱ्या काकूच रांगेत चक्कर येऊन बसतात.

फोन, कॅमेरा, स्मार्टवॉच, हे सगळं खोलीतच ठेवा. नेलंत तर रांगेआधीच्या काउंटरवर जमा करावं लागतं आणि परत घ्यायचं काउंटर दुसरीकडे असतं, दर्शनानंतर थकलेल्या पायांनी ते शोधत हिंडायचं. चपला पण खोलीत. ऊन असेल तर रस्त्यावर पांढरा रंग मारलेल्या पट्ट्यावरूनच चाला, बाजूला तळपाय भाजतात.

थांबा, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका: फोन नसताना चुकामूक झाली तर कुठे भेटायचं? सगळ्यांच्या खिशात एका चिठ्ठीवर खोलीच्या इमारतीचं नाव आणि नंबर लिहून द्या, मुलांच्या तर नक्कीच, त्यावर आईवडिलांचा नंबरही. भेटायची जागा म्हणून मंदिरासमोरचं अखिलांडम्, जिथे नारळ फोडतात आणि कापूर लावतात, ते ठेवा, कुणालाही विचारलं तरी सांगतो. "बाहेर भेटू" हे काही ठिकाण नाही, बाहेर हजारो माणसं असतात.

८. रांग

तिकिटावर प्रवेशाची जागा लिहिलेली असते, तीच. दुसऱ्या गेटवर उभं राहून तासाभराने कळलं की परत फिरावं लागतं. स्लॉटच्या अर्धा-पाऊण तास आधी तिथे असा. ३०० च्या रांगेलाही साध्या दिवशी दोन-तीन तास लागतात, गर्दीत जास्त. "तिकीट काढलंय म्हणजे तासात बाहेर" हा हिशेब करू नका.

फुकटच्या रांगेत असाल तर वैकुंठम् कॉम्प्लेक्समधल्या हॉलमध्ये बसवतात, त्याला कंपार्टमेंट म्हणतात. गेट लावून घेतात, आत संडास आहेत, दूध-खाणं वाटतात. एकदा आत बसलं की बाहेर यायचा विचार करू नका, नंबर गेला. गेट उघडलं की सगळे एकदम धावतात, तुम्ही धावू नका, दहा माणसं पुढे गेली तर काय फरक पडतो. मुलांना कडेला नाही तर दोन मोठ्यांच्या मधे ठेवा, आणि लोखंडी कठड्यात हात अडकवू देऊ नका.

९. आत: तुमच्याकडे काही सेकंद आहेत

महाद्वारातून आत गेलं की रांगा एकत्र होतात आणि रेटा वाढतो. ध्वजस्तंभ, मग सोन्याचा दरवाजा, बंगारू वाकिली, आणि तिथून समोर गाभारा. आत फक्त दिव्यांचा उजेड असतो, बाहेरून आलेल्या डोळ्यांना पहिल्या क्षणी काही दिसत नाही. सेवेकरी "जरगंडी, जरगंडी" म्हणत पुढे सरकवतात, म्हणजे "सरका, सरका". चिडू नका, मागे ७० हजार लोक आहेत.

लोकांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे समोर आल्यावर डोळे मिटून हात जोडणं! नमस्कार आधी रांगेत करून घ्या, मागायचं ते तिथेच मागा, आणि सोन्याच्या दरवाजापासून फक्त समोर बघत चाला. मूर्ती लांबूनच दिसायला लागते, ते अंतर वाया घालवू नका. पाय चालू ठेवायचे आणि मान तिकडेच. मुलाला उचलून घ्यायचं असेल तर दरवाजाच्या आधी घ्या, तिथे पोचल्यावर नाही.

बाहेर आल्यावर लोक सुटल्यासारखे पळतात. जरा थांबा, प्रदक्षिणेच्या वाटेवर वर सोन्याचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर दिसतं, त्यावर चांदीच्या चौकटीत विमान वेंकटेश्वर, म्हणजे देवाची छोटी मूर्ती आहे. ज्यांना आत नीट दिसलं नाही त्यांनी इथे पोटभर बघावं, इथे कुणी ढकलत नाही. हुंडी, म्हणजे दानपेटी, इथेच पुढे आहे.

१०. लाडू आणि उतरणं

तिकीट फेकून दिलं नाहीत ना? लाडूला तेच लागतं. माणशी एक लाडू फुकट, जास्तीचे ५० रुपयांना एक, मंदिराबाहेरच्या लाडू काउंटरवर. बऱ्याच खिडक्या असतात, पहिल्याच खिडकीवर लांब रांग असते कारण सगळे तिथेच थांबतात, शेवटच्या खिडक्यांकडे चालत जा. कापडी पिशवी घरूनच न्या. लाडू तुपाचा असतो, बंद डब्यात कोंबला की घाम धरतो, ट्रेनमध्ये पिशवी उघडी ठेवा.

खोलीची वेळ संपायच्या आत किल्ली द्या. खाली उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुचानूरला पद्मावतीचं दर्शन घ्या, शहरापासून ५ किलोमीटर. श्रीकालहस्ती ४० किलोमीटरच्या आत आहे, अर्धा दिवस वेगळा असेल तरच, नाहीतर रेणिगुंट्याची गाडी धरताना पुन्हा तीच पळापळ. वेळ कमी असेल तर स्टेशनच्या जवळच गोविंदराजस्वामींचं मंदिर आहे, गाडीआधीच्या दोन तासांत आरामात होतं, आणि तिथे फारशी रांग नसते.